पेट्रोलची वाफ आणि पिवळा दिवा

मे महिन्यात भर दुपारी भडगावच्या एखाद्या पेट्रोल पंपावर घटकाभर उभे राहून पाहा. गिरणेच्या पात्रातली वाळू तापलेली असते, रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत असते. अशा वेळी पाचोऱ्याकडून किंवा चाळीसगावकडून आलेली मोटार पंपावर थांबते, टाकीचे झाकण फिरते आणि 'फुस्स' असा आवाज होतो. पेट्रोलचा उग्र वास नाकात शिरतो. झाकण उघडणाऱ्याचे लक्ष मीटरच्या आकड्याकडे असते, त्यामुळे त्या आवाजाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. पण त्या 'फुस्स'मागे बराच मोठा इतिहास आहे, आणि आज तो सांगण्याचे एक व्यावहारिक कारणही आहे.

कारण असे. अलीकडच्या गाड्यांत चालकासमोर एक पिवळा दिवा असतो. इंजिनाचे चित्र असलेला. तो लागला की गाडी गॅरेजात जाते. तिथला मिस्त्री स्कॅनर नावाचे यंत्र जोडतो. यंत्रावर एक आकडा उमटतो आणि त्यापुढे लिहिलेले असते : इंधनवाफेच्या दाबाचा सेन्सर. झाले! सेन्सर खराब आहे असा निकाल लागतो, नवा मागवला जातो, मालक हजारो रुपये मोजतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि एके सकाळी तोच दिवा पुन्हा लागतो. आता मालक मिस्त्रीला दोष देतो, मिस्त्री सुटा भाग बनवणाऱ्याला, आणि तो भाग बनवणारा कुठे दूर बसलेला असतो. खरा गुन्हेगार मात्र टाकीजवळच्या एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत नाही तर उंदराने कुरतडलेल्या तारेत निवांत लपलेला असतो.

हा घोटाळा का होतो ते समजायचे तर आधी वाफेचा दाब ही काय चीज आहे ते पाहिले पाहिजे.

इंग्लंडात कंबरलंड परगण्यात ईगल्सफील्ड नावाचे खेडे आहे. तिथल्या एका विणकराच्या घरी १७६६ साली जॉन डाल्टन जन्मला. वयाच्या बाराव्या वर्षीच हा मुलगा गावातल्या शाळेत शिकवू लागला. आमच्या शिक्षकबंधूंना हे ऐकून बरे वाटेल. अणूंचा सिद्धान्त मांडणारा म्हणून पुढे डाल्टनचे नाव झाले, पण त्याचा पहिला नाद हवामानाचा. १७८७ पासून १८४४ मध्ये मरेपर्यंत त्याने हवामानाची रोजनिशी ठेवली. पाऊस, वारा, दव यांचा विचार करता करता त्याच्यापुढे प्रश्न आला : पाणी हवेत जाते म्हणजे नेमके काय होते? त्याने पाऱ्याने भरलेली काचेची नळी उलटी उभी केली, पाऱ्याच्या वरच्या रिकाम्या जागेत पाण्याचा थेंब सोडला आणि पाहिले, तर पारा खाली उतरला. थेंबाची वाफ झाली होती आणि ती वाफ पाऱ्याला खाली ढकलत होती. नळी गरम केली की पारा आणखी उतरे. १८०१ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेत त्याने हे प्रयोग वाचून दाखवले. द्रव कोणता आणि तापमान किती, एवढ्यावरच वाफेचा हा दाब ठरतो. थेंब लहान असो वा मोठा, थोडासा द्रव शिल्लक असला की पुरे.

पाऱ्याचा हा प्रयोग शाळेत करू नये, पारा विषारी आहे. पण दुसरा एक करता येतो. प्लॅस्टिकच्या पातळ बाटलीत कपभर गरम पाणी घालावे, नीट हलवावे, पाणी ओतून देऊन लगेच बूच घट्ट लावावे आणि बाटली गार पाण्यात धरावी. बाटली आपोआप चेपते. आतली वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते, दाब घटतो आणि बाहेरची हवा बाटली चिरडते. मोटारीच्या टाकीत दररोज हेच चाललेले असते. दुपारी आत दाब वाढतो, पहाटे गारव्याने तो उतरतो. पेट्रोल घेऊन हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये हे वेगळे सांगायला नकोच, तरी सांगून ठेवतो.

पेट्रोल पाण्यापेक्षा फार चंचल. शिवाय ते एकजिनसी नाही. अनेक हलक्या-जड द्रवांची ती मिसळ आहे, आणि त्यातले हलके द्रव आधी उडून जातात. म्हणून तेलशुद्धीकरणवाल्यांना पेट्रोलच्या वाफेचा दाब मोजण्याची एक ठरीव पद्धत लागली. रीड या रसायनज्ञाच्या नावाने ती आजही ओळखली जाते. ही चाचणी शंभर अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३७.८ अंश सेल्सिअसला करतात. गंमत पाहा, परदेशातल्या लोकांना कडक उन्हाळा म्हणून जे तापमान पुरेसे वाटले, ते आपल्या खानदेशात होळीच्या आसपासच हजेरी लावते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. तापमान दहा अंशांनी वाढले तर पेट्रोलच्या वाफेचा दाब सव्वा ते दीडपट होतो. मुंबईच्या दमट पण सौम्य हवेत जे पेट्रोल शहाण्यासारखे वागते ते भडगावला येईपर्यंत उनाड होते ते याचमुळे. आपल्या देशाच्या पेट्रोलविषयक मानकांत उन्हाळ्यासाठी वेगळी, कडक मर्यादा घातलेली आहे, ती उगीच नव्हे.

आता मागच्या पिढीची आठवण काढू. वालचंद हिराचंद हे आपले सोलापूरचे. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बांधल्या. तीच गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. या गाडीत आणि त्या काळच्या इतर बहुतेक गाड्यांत टाकीतले पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. उन्हाळ्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना इंजिन तापे, पंप तापे आणि नळीत पेट्रोलऐवजी वाफेचा बुडबुडा अडकून बसे. गाडी आचके देऊन बंद पडे. मग चालक उतरून बॉनेट उघडायचा, पंपावर ओले फडके टाकायचा आणि दगडावर बसून विडी ओढायचा. विडी संपेपर्यंत पंप गार होई. उघड्या बॉनेटजवळ विडी पेटवणारे हे लोक सुखरूप घरी कसे पोहोचत याचे मला अजून नवल वाटते.

त्या वेळच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असे. आतून पेट्रोल कमी होईल तसतशी बाहेरची हवा आत यावी आणि उन्हात वाफ झाली तर ती बाहेर जावी, एवढीच त्याची नेमणूक. हे भोक धुळीने बुजले तर टाकीत ओढ निर्माण होई आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नसे. जाणता मिस्त्री अशा वेळी काय करी? पंप उघडण्याआधी तो टाकीचे झाकण सैल करून पाही. गाडी लगेच सुरळीत चालली तर दोष झाकणाचा, पंपाचा नव्हे. एक छदाम खर्च न करता निदान! इंधनवाफेच्या दाबाची आपल्या रस्त्यांवरची पहिली तपासणी म्हणायची तर ती हीच. पुढे ही युक्ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

मात्र या भोकातून जी वाफ सुटे तिचे पुढे काय होते, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. तो पडला अमेरिकेत, आणि तोही चुकीच्या आरोपातून.

लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या जुलै महिन्यात एक विचित्र करडा पडदा उतरला. डोळे चुरचुरू लागले, घसा धरला, समोरचे घर दिसेना. दुसरे महायुद्ध चालू होते, त्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला अशी भीती लोकांना वाटली. मग संशय एका कारखान्यावर गेला. शहरातच ॲलिसो स्ट्रीटवर कृत्रिम रबरासाठी ब्युटाडाइन बनवण्याचा कारखाना होता. त्याचा वास येई, धूर दिसे. लोकांच्या दडपणामुळे तो काही काळ बंदही ठेवावा लागला. परिणाम? करडा पडदा येतच राहिला. जवळचा, दिसणारा, वास येणारा आरोपी पकडला म्हणजे गुन्हा उकलला असे लोकांना वाटले होते, आणि तसे नव्हते.

खरा धागा सापडला तो शेतकऱ्यांच्या तक्रारींतून. शहराच्या आजूबाजूच्या मळ्यांतली पालकाची व लेट्यूसची पाने रुपेरी, करपल्यासारखी होऊ लागली होती. पॅसाडीना येथील कॅलटेक या विज्ञानसंस्थेत आरी हागेन-श्मिट नावाचे डच प्राध्यापक होते. ते वनस्पतिरसायनाचे माणूस. अननसाला अननसाची चव कशाने येते याचा शोध ते घेत होते. अननसाचा वास ज्या रीतीने पकडला, त्याच रीतीने त्यांनी शहराची हवा गोठवून तिचा अर्क काढला. त्यात त्यांना पेट्रोलवर्गातल्या द्रवांचे अवशेष मिळाले. मग त्यांनी बंद कोठीत रोपे ठेवली, पेट्रोलची वाफ आणि ओझोन सोडला. पाने तशीच रुपेरी झाली! १९५२ साली त्यांनी सगळी साखळी मांडून दाखवली : पेट्रोलची न जळलेली वाफ, इंजिनाच्या धुरातले नायट्रोजनचे वायू, आणि वरून कडक ऊन. या तिघांच्या संगतीने जमिनीलगत ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरवणारी ती हवाही. ओझोन किती आहे हे पाहायला त्यांनी रबराच्या वाकवलेल्या पट्ट्या वापरल्या. रबराला किती लवकर आणि किती खोल चिरा पडतात यावरून हवेतल्या ओझोनचा अंदाज बांधला.

तेल कंपन्यांना हे मानवले नाही. त्यांच्या पैशावर चाललेल्या दुसऱ्या संशोधकांनी हागेन-श्मिट यांना खोडून काढण्याचा प्रयत्न केला. प्राध्यापकमहाशय चिडले आणि अननस बाजूला ठेवून याच कामाला जुंपून घेते झाले. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. तोवर हिशेब स्पष्ट झाला होता. कसलेही नियंत्रण नसलेली जुनी मोटार जेवढी कच्ची पेट्रोलवाफ हवेत सोडते, तिच्यातला पाचवा हिस्सा धुराड्यातून जातच नाही. तो टाकीतून आणि कार्बोरेटरमधून नुसता उडून जातो. म्हणजे गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, मालक घरात जेवतो आहे, आणि गाडी हवा बिघडवते आहे!

१९७० च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१ पासून साऱ्या अमेरिकेत कायदा आला की टाकीची वाफ मोकळी सोडायची नाही. झाकणाचे भोक बंद झाले. वाफ जायची कुठे? तिच्यासाठी कोळशाची डबी आली. हा चुलीतला कोळसा नव्हे. खास प्रक्रियेने सच्छिद्र केलेला असतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांची आतली भिंत पसरली तर हजार चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आसपास भरेल. चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन! पेट्रोलची वाफ या भिंतींना चिकटून राहते. इंजिन सुरू झाले की एक झडप उघडते, डबीतून हवा ओढली जाते आणि साठलेली वाफ इंजिनात जाऊन जळते. वाया जाणारे पेट्रोल कामी येते. मला विचाराल तर गेल्या शंभर वर्षांतल्या मोटारीच्या सुधारणांत इतकी साधी आणि इतकी किफायतशीर दुसरी नाही.

डबी बसवली खरी, पण नळी तडकली, झाकणाचे रबर वाळले, तर वाफ पुन्हा हवेतच. आणि हे मालकाला कळणार कसे? गाडी तर झकास चालते. म्हणून अमेरिकेने १९९६ च्या गाड्यांपासून पुढचे पाऊल टाकले. गाडीतल्या संगणकाने टाकीची गळती स्वतःच शोधायची. आधी एक मिलिमीटरचे भोक ओळखायचे, आणि २००० सालापासून हळूहळू अर्ध्या मिलिमीटरचेही, म्हणजे शिवणाच्या सुईएवढे. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो. टाकी पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून संगणक सगळ्या वाटा बंद करून टाकीत किंचित ओढ निर्माण करतो आणि ती टिकते की नाही ते पाहतो. हे पाहायला जो डोळा लागतो तोच आपला सेन्सर.

त्याची जात कोणती? बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत चार्ल्स स्मिथ याने १९५४ साली दाखवून दिले की सिलिकॉनच्या तुकड्यावर ताण आला की त्यातून वीज जाण्याला होणारा अडथळा ठळकपणे बदलतो. सेन्सरमध्ये सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. एका अंगाला टाकीतली वाफ, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. पडदा किंचित वाकतो, वीज बदलते, संगणकाला ते कळते. हा दाब असतो तरी किती? दहा-पंधरा सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब याच्या शंभरपटीहून जास्त असतो. इतके नाजूक हे काम. तेव्हा ज्या कॉम्प्रेसरने चाकात हवा भरतो त्याचीच नळी टाकीच्या वाटेत लावून गळती पाहणारा माणूस निदान करत नसतो, सेन्सरची आणि टाकीची हत्या करत असतो.

आपल्याकडे काय झाले ते थोडक्यात. धुराचे पहिले नियम पेट्रोल गाड्यांना १९९१ मध्ये लागू झाले. २००० साली युरोपच्या धर्तीवरचे आले, २०१० पासून मोठ्या शहरांत आणि २०१७ पासून देशभर भारत स्टेज चार, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा. कोळशाची डबी आपल्या पेट्रोल गाड्यांतही आहे, आणि पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली निघालेल्या संस्थेसारख्या ठिकाणी अख्खी गाडी बंद खोलीत ठेवून तिच्यातून किती वाफ सुटते हे मोजतात. मर्यादा आहे एका चाचणीला दोन ग्रॅम. पण एक फरक नीट लक्षात ठेवा. टाकीचा दाब मोजून सुईएवढे भोक शोधण्याची अमेरिकेसारखी सक्ती आपण केलेली नाही, युरोपनेही केलेली नाही. म्हणून आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांत हा सेन्सर मुळी नसतोच! काही आयात गाड्यांत असतो, टाकी बंदिस्त ठेवणाऱ्या काही संकरित, म्हणजे हायब्रिड, गाड्यांत असतो. तेव्हा निदानाची पहिली पायरी : गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात तो आहे का ते पाहणे. आणि ज्यांची मुले कॅलिफोर्नियात नोकरीला आहेत त्यांनी त्यांना एकदा विचारावे. तिथे पिवळा दिवा जळत असेल तर गाडी तपासणीत नापास होते, आणि नापास गाडीची नोंदणी पुढे सरकत नाही. आपल्याकडची पीयूसी तपासणी फक्त धुराड्याच्या तोंडाशी होते. डबी फुटलेली गाडीही तिथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकते.

आता गाडीत तो सेन्सर आहे आणि स्कॅनरवर आकडा आला आहे असे समजू. आकडे पाचच आहेत, पी ०४५० पासून पी ०४५४ पर्यंत, आणि प्रत्येकाचे म्हणणे वेगळे आहे. ०४५० म्हणजे या मंडलात कुठेतरी बिघाड. ०४५१ म्हणजे सेन्सर बोलतो आहे पण पटण्यासारखे बोलत नाही. ०४५२ म्हणजे विजेचा इशारा फार खाली, ०४५३ म्हणजे फार वर, ०४५४ म्हणजे येऊन-जाऊन. यांतला एकही आकडा 'सेन्सर बदला' असे सांगत नाही. संगणक फक्त एवढेच सांगतो की या वाटेने मला जे ऐकू आले ते विचित्र होते. कोर्टात साक्षीदार उभा राहिला म्हणजे निकाल लागत नाही. उलटतपासणी व्हावी लागते.

उलटतपासणी जुन्या मिस्त्रीच्याच युक्तीने सुरू करावी. गाडी थंड असताना, उघड्यावर, टाकीचे झाकण काढावे. आता टाकीत आणि बाहेर एकच हवा आहे. तेव्हा स्कॅनरवर टाकीचा दाब शून्याच्या आसपास दिसलाच पाहिजे. तो शून्य दिसला, तर सेन्सर निदान या एका प्रश्नाला खरे बोलला, आणि शोध नळ्यांकडे, झडपांकडे, झाकणाच्या रबराकडे वळवावा. झाकण काढूनही तो मोठा दाब किंवा मोठी ओढ दाखवत असेल, तर सेन्सर, त्याची नळी, त्याच्या तारा किंवा संगणक यांपैकी कुणीतरी खोटे बोलत आहे. कोण, ते ठरवायचे राहिले.

तारा बहुधा तीन असतात. एकीने संगणक पाच व्होल्ट पाठवतो, दुसरी अर्थिंगची, तिसरीने सेन्सर आपला इशारा परत देतो. इग्निशन चालू ठेवून, इंजिन बंद ठेवून, साध्या मल्टिमीटरने पाहावे. पाच व्होल्ट पोहोचतात का? अर्थिंग पक्के आहे का? पाच व्होल्टची तार तुटली तर इशारा सहसा खाली पडतो, अर्थिंग तुटले तर तो वर चढतो. म्हणून ०४५३ दिसल्याबरोबर नवा सेन्सर मागवण्याआधी अर्थिंगच्या तारेकडे पाहिले तर कित्येकदा तिथेच काम संपते. पाच व्होल्ट आहेत, अर्थिंग आहे, तर मग तिसऱ्या तारेवर पाहावे. झाकण उघडे असताना काही गाड्यांत अडीच व्होल्टच्या आसपास, काहींत तीन-साडेतीन दिसतात. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो आणि तोच खरा धरावा. मग सेन्सरची जोडणी काढून स्कॅनरकडे पाहावे. जोडणी काढल्याबरोबर तिथला आकडा एका टोकाला गेला, तर तार आणि संगणक जिवंत आहेत. काहीच हलले नाही, तर तार तपासावी. एवढे सगळे ठीक असूनही, आणि नळी मोकळी असूनही, पुस्तकाप्रमाणे हातपंपाने हलकीशी ओढ दिली असता इशारा जागचा हलत नसेल, तरच सेन्सर दोषी. मग तो खुशाल बदलावा.

नळी मोकळी असूनही, असे मी म्हणालो. आपल्या मुलखात हा मुद्दा मोठा आहे. कापसाच्या आणि केळीच्या शेतांतल्या रस्त्यांची धूळ डबीच्या हवेच्या वाटेत जाऊन बसते. वाट बुजली की टाकीत खरोखरच ओढ निर्माण होते. सेन्सर खरे सांगतो आणि फाशी त्यालाच होते! दुसरे, पंपावर नळी 'टक्' करून थांबल्यावरही 'अजून पन्नासचे टाक, काठोकाठ भर' म्हणणारे आपण सगळे. ते जादा पेट्रोल वाफेच्या वाटेने कोळशाच्या डबीत शिरते, आणि ती डबी वाफेसाठी आहे, द्रवासाठी नव्हे. भिजलेला कोळसा निकामी होतो, त्याचे कण झडपेत अडकतात आणि झडप उघडीच राहते. मग इंजिन टाकीलाच सतत ओढत बसते. तिसरे उंदीर. पावसाळ्याच्या तोंडी गोठ्याशेजारी उभ्या केलेल्या गाडीच्या तारा त्यांना फार आवडतात.

पेट्रोलही बदलले आहे. आपल्या उसाच्या मळीपासून आणि धान्यापासून काढलेले इथेनॉल त्यात मिसळतात, आणि २०२५ साली हे प्रमाण देशभर वीस टक्क्यांवर पोहोचले. शुद्ध इथेनॉल पेट्रोलपेक्षा कमी उडते, पण थोड्या प्रमाणात पेट्रोलात मिसळले की मिश्रणाचा वाफदाब उलट वाढतो. दहा टक्क्यांच्या आसपास ही वाढ सर्वांत ठळक असते, पुढे हळूहळू ओसरते. डाल्टनने शुद्ध द्रवांचे जे नियम सांगितले त्यांत न बसणारी ही खोड आहे. तेल कंपन्यांना मूळ पेट्रोलच जरा कमी चंचल करून घ्यावे लागते.

हे सगळे वाचून कुणाला हुरूप आला तर एक सूचना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साठून राहते. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीडच्या आसपास झाले की एक ठिणगी पुरते. विडी तर नकोच, पण चालू गॅस, हातातला लोंबता दिवा, खड्ड्यातला फॅन, यांपैकी काही नको. गळती शोधणारे धुराचे यंत्र असते, ते अगदी हलक्या दाबाने, कंपनीच्या सूचनेप्रमाणे, उघड्यावर वापरावे.

शेवटी दुरुस्तीची खात्री. स्कॅनरने आकडा पुसला आणि दिवा विझला म्हणजे दोष गेला असे नाही, फक्त साक्ष पुसली गेली. अमेरिकी धर्तीच्या गाड्यांत संगणक ही चाचणी रोज करत नाही. गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली हवी, टाकी साधारण पाव ते पाऊण भरलेली हवी, बाहेरची हवा फार तापलेली नसावी. भडगावला मे महिन्यात दुपारी या अटी कधीच जुळणार नाहीत. पहाटे, कोंबडा आरवायच्या सुमारास गाडी सुरू करून कजगावपर्यंत जाऊन यावे, असे तीन-चार दिवस करावे, आणि मग स्कॅनरला विचारावे की चाचणी पुरी झाली का. झाली आणि दिवा लागला नाही, तर मिस्त्रीचे पैसे द्यावेत.